वीतभर खोटी नदी

मित्रांनो, मी एक मोजपट्टी आहे. जुनी आहे, पण तुमच्या कंपासपेटीत मावेन अशी नाही. मी नदीत उभी असते. पुलाच्या अलीकडे पात्रात सिमेंटचा एक चौकोनी खांब आहे, त्याच्या अंगावर मला बोल्टांनी आवळून बसवलं आहे. पांढरं अंग, त्यावर काळ्या रेघा आणि रेघांशेजारी आकडे. पाणी ज्या रेघेला टेकेल, तेवढी त्या वेळची नदी. माझं काम एवढं साधं.

जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की जरा हळवं बोलतात. मीही बोलले असते. पण मला राग आला आहे आणि तो गिळून गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. खोटेपणाचा मला आता वीट आला आहे. तेव्हा मधेच माझा आवाज चढला तर वाईट वाटून घेऊ नका. तुमच्यावर नाही मी चिडलेली. निदान अजून तरी नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्या टोकाला भट्टी. तिथे घरांचे नंबर, डॉक्टरांच्या पाट्या, ‘दारासमोर गाडी लावू नये’ अशा सूचना तयार व्हायच्या. पत्रा कापायचा, घासून धुवायचा, त्यावर पांढऱ्या काचेचा पातळ लेप द्यायचा आणि भट्टीत भाजायचा. मग काळ्या रेघा, काळे आकडे, आणि पुन्हा भट्टी. दोनदा भाजून निघाल्यावर मग ऊन काय नि पाऊस काय, काही वाटत नाही.

कारागीर तोंडाचा फटकळ होता, पण माल तपासायचा हक्क त्याच्या बायकोचा.

“अहो, ही रेघ जरा जाड झालीय,” ती म्हणाली.

“केसभर जाड झाली म्हणून नदी काय आटणार आहे?” तो करवादला.

“ते मला माहीत नाही. पण ही पट्टी अशी आपल्या दारातून जायची नाही.”

त्याने कुरकुरत तो पत्रा बाजूला टाकला आणि नवा घेतला. तो नवा पत्रा म्हणजे मी. माझ्यावरच्या सगळ्या रेघा सारख्या आहेत आणि सगळे आकडे खरे आहेत. हे मी मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं ते ऐकताना एवढं लक्षात असू द्या, म्हणून सांगते.

मला नदीवर नेलं तेव्हा मला वाटलं, पत्ता चुकला. नदी म्हणजे पाणी, अशी माझी समजूत. इथे तर नजर पोहोचेल तिथवर वाळू, गोटे, काटेरी झुडपं आणि त्या झुडपांना ओरबाडणाऱ्या शेळ्या. या कोरड्या मुलखात नदी वर्षातले थोडेच दिवस वाहते. वरच्या डोंगरांत पाऊस पडला की ती धावत येते, आणि आली तशी वाळूत मुरून जाते. पण मुरते म्हणजे वाया जात नाही बरं का. वाळूखालून ती हळूहळू खालच्या वस्तीच्या विहिरींत जाते. वरून दिसते ती पाहुणी नदी. वाळूखाली राहते ती घरची.

मला उभं करायला पाणी मोजणाऱ्या कचेरीतून एक इंजिनिअरबाई आल्या होत्या. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या. डोक्याला टोपी, पायांत बूट, आणि तिपायीवर बसवलेली दुर्बीण. पुलाच्या दगडी भिंतीत छिन्नीने कोरलेली एक खूण आहे. ती खूण कधी हलत नाही. तिच्यापासून दुर्बिणीने उंची उतरवत उतरवत त्यांनी माझ्या शून्याची जागा ठरवली. वाळूच्या अगदी अंगाला. मजूर उन्हाने कंटाळले होते, तरी बाईंनी दोनदा मोजून घेतलं.

“मॅडम, बोटभर इकडे की तिकडे, कुणाला कळणार आहे?” एकाने विचारलं.

“इथे घोट्याएवढं पाणी आलं तरी लोक बघायला धावतात,” बाई हसून म्हणाल्या. “बोटभर म्हणजे इथे फार मोठी गोष्ट आहे.”

माझी देखभाल काकूंकडे आली. पुलाच्या टोकाशी दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर आहे, तिथे त्या राहायच्या. काका बसचालक, आठवड्यातले बरेच दिवस बाहेर. नदीला पाणी आलं की काकू ओचा खोचून पात्रात उतरायच्या, माझ्यावरचा आकडा वाचायच्या आणि कचेरीत फोन करायच्या. पाणी नसेल तर ‘कोरडी’ म्हणून कळवायच्या. रोज रोज ‘कोरडी’ कळवायचा त्यांना कंटाळा यायचा. “आज तरी ये गं बाई,” त्या नदीला म्हणायच्या, आणि मग पदराने माझ्यावरची धूळ पुसायच्या.

एकटी मी काही सगळं सांगू शकत नाही. माझ्यावरून फक्त उंची कळते. पाणी आलं की इंजिनिअरबाई जीप घेऊन यायच्या आणि पुलावरून दोरीने एक छोटा पंखा पाण्यात सोडायच्या. पंखा किती भरभर फिरतो यावरून वेग कळायचा. उंची आणि वेग यांचा मेळ घातला की नदीतून किती पाणी गेलं ते निघायचं. मग खालच्या विहिरींची पातळी. उघड्या पातेल्यात पाणी ठेवून ऊन किती पितं, तेही. अशी वर्षामागून वर्षं जोडत जायचं, तेव्हा कुठे कळतं की या खोऱ्यात दरवर्षी भरवशाचं पाणी किती. नेमक्या याच प्रश्नासाठी मला जन्माला घातलं होतं, मित्रांनो. शोभेसाठी नव्हे.

माझं कौतुकही झालं. एका वर्षी डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि नदी तपकिरी भिंतीसारखी चालून आली. झाडं, ओंडके, कुणाचा तरी पत्र्याचा डबा, सगळं माझ्या अंगावरून गेलं. काकू पुलाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि ओरडून ओरडून फोनवर आकडे सांगत होत्या. त्या आकड्यांवरून खालच्या वस्तीला वेळेवर निरोप गेला. माणसं, शेळ्या, अंथरुणं-पांघरुणं, सगळं उंचावर गेलं. एकही माणूस वाहून गेला नाही. नंतर कचेरीतले मोठे साहेब स्वतः पाहायला आले. पिकलेले केस, बोलणं मऊ. या खोऱ्यात मोजणी त्यांनीच सुरू केली होती आणि इंजिनिअरबाईंना काम शिकवलं होतं तेही त्यांनीच. त्यांनी माझ्यावर थाप मारली आणि म्हणाले, “शाबास! गडी पक्का आहे.” मी गडी नाही, बाई आहे, पण कौतुकात कोण चुका काढतं!

ती थाप आठवली की आज माझ्या अंगाची आग होते.

झालं असं, की नदीच्या वरच्या अंगाला एक मोठी वसाहत उभी करायचं ठरलं. टुमदार घरं, चहूकडे हिरवळ, मधोमध तळं, तळ्यात कारंजं. वाळवंटात कारंजं! जाहिरातीचा फलक पुलावरच लावला होता, तेव्हा तो मला दिवसभर बघावा लागायचा. फलकावरची मुलं पाण्यात पाय सोडून बसली होती. ही वसाहत बांधायला एका गोष्टीची अडचण होती. खोऱ्यात तेवढं पाणी आहे, असं कचेरीने सांगायला हवं होतं.

इंजिनिअरबाईंनी सांगितलं, नाही. पिण्यापुरतं देता येईल. हिरवळ, तळं, कारंजं यांच्यासाठी नाही. असलेलं पाणी खालच्या विहिरींना लागतं, आणि पाऊस कमी झाला की त्यांनाही पुरत नाही.

मोठे साहेब त्यांना घेऊन पुलावर आले. कचेरीत भिंतीला कान असतात म्हणून बहुधा. माझे कान कुणाच्या लक्षातच आले नाहीत.

“अगं, सरासरी काढ ना,” साहेब म्हणाले. “त्या पुराच्या वर्षी केवढं पाणी गेलं. ते धरलं की आकडा बसतो.”

“सर, तो पूर दोन दिवसांत निघून गेला. एका लग्नात पोटभर जेवलं म्हणून माणूस वर्षभर उपाशी राहू शकतो का? इथे आपण सरासरी वर्षाला जगत नाही. वाईट वर्षालाच जगायचं असतं.”

“घरं होतील, माणसं येतील, पोरांना कामं मिळतील. सगळं तुझ्या एका ‘नाही’वर अडलंय.”

“आणि पाऊस झाला नाही तर, सर? तेव्हा काय करायचं?”

साहेबांनी कठड्यावर बोटं वाजवली. “तर बघू,” ते म्हणाले.

तर बघू! मित्रांनो, या दोन शब्दांची मला शिसारी आली आहे. हे शब्द बोलणारा माणूस नंतर कधीच बघायला येत नाही. बघावं लागतं ते दुसऱ्यांनाच.

बाई बधल्या नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली. दूर कुठल्याशा कचेरीत, जिथे नदी नाही, पट्टी नाही, फक्त टेबलं आहेत. जाण्याआधी त्या मला बघायला आल्या. काकूंनी चहा दिला. दोघी पायरीवर बसल्या.

त्यानंतर भर दुपारी एक गाडी आली. दोन मजूर, एक गवंडी आणि स्वतः मोठे साहेब. काकूंना त्यांनी सांगितलं, “पट्टीची दुरुस्ती आहे. बोल्ट गंजलेत.” माझे बोल्ट गंजले नव्हते! मजुरांनी पाना लावला आणि मला खांबावरून काढलं. खांबाच्या पायथ्याची वाळू उकरली. गवंड्याने नवी भोकं पाडली आणि मला पुन्हा ठोकलं, पण आधीपेक्षा वीतभर खाली. जुनी भोकं सिमेंटने बुजवून टाकली. माझे पाय वाळूत पुरले गेले. साहेबांनी छत्रीच्या टोकाने वाळू सारखी केली आणि गाडी निघून गेली.

तुमच्या लक्षात आलं ना काय झालं ते? पाणी तेवढंच, पण मी वीतभर खाली. म्हणजे पाणी माझ्यावर वीतभर वर दिसणार. घोट्याएवढं पाणी आलं तरी मी पोटरीएवढं दाखवणार. दुथडी वाहणाऱ्या नदीत वीतभराने काही बिघडत नाही. आमच्या नदीत वीतभर म्हणजे दुसरी आख्खी नदी. नसलेली नदी!

आणि ही चोरी त्यांनी माझ्याकडून करवून घेतली. माझ्यावरची रेघ अन् रेघ खरी होती. आकडा अन् आकडा खरा होता. खोटी होती ती फक्त मला उभं केलेली जागा. काकू पात्रात उतरल्या, डोळे बारीक करून त्यांनी आकडा वाचला, खरा म्हणून कळवला. त्या वाकल्या की मला ओरडावंसं वाटायचं, काकू, वाचू नका! पण पत्र्याला कुठला आवाज? ओंडका आदळला तर वाजते मी, एवढंच. इथून पुढे मी साहेबांना अरेतुरे करणार होते. पण चांगल्या घरात घडलेली मी, तोंड तसं वळत नाही.

माझ्या खालच्या रेघांना आता पाणी कधी टेकतच नव्हतं, कारण त्या वाळूत होत्या. काकूंना वाटलं, वाळू चढली असेल. अशा नदीत वाळू वर-खाली होतच असते. त्यांनी शंका घ्यावी तरी कुणावर? साहेब स्वतः उभे राहून गेले होते.

त्या खोट्या आकड्यांवर नवा हिशोब झाला. वसाहतीला परवानगी मिळाली. माझ्या वरच्या बाजूला बंधारा आला, मोठा पाइप आला. आणि मग माझ्याकडे कुणी फिरकेना. पंखा सोडायला कुणी येईना. हवा तो आकडा मिळाल्यावर मोजणाऱ्याची गरज कुणाला? माझ्यावर पक्षी बसले, वेली चढल्या, कुणी ओले कपडे वाळत घातले. येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांनी दगड मारून माझ्यावरच्या पांढऱ्या लेपाचे टवके उडवले. त्यांत तुमच्यापैकी कुणी असेल, तर हात वर करायची गरज नाही. पण पुन्हा मारू नका. एकट्या काकू तेवढ्या येत राहिल्या.

मग पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरंही तसंच. डोंगरातून जे थोडं आलं ते बंधाऱ्याने अडवलं. खालची वाळू तहानलेलीच राहिली.

काकूंची मुलगी खालच्या वस्तीत दिलेली होती. तिची आणि जावयाची रोपवाटिका होती. झाडांची रोपं वाढवून विकायची. लिंबू, डाळिंब, सावलीची झाडं. उन्हात जाळीखाली ओळीने पिशव्या ठेवलेल्या असायच्या आणि विहिरीवरच्या छोट्या पंपाने पाणी द्यायचं. काकू कौतुकाने सांगायच्या, “माझ्या लेकीच्या हाताला गुण आहे, काडी लावली तरी फुटते.” ती विहीर आटली. आधी पंप खरडायला लागला, मग नुसती हवा ओढायला लागला. रोपं उभ्या उभ्या करपली.

एके सकाळी लेक पुलाखाली आली. हातात एक वाळलेलं रोप होतं. पिशवीसकट. काकू माझ्याजवळच उभ्या होत्या.

“आई, वसाहतवाल्यांनी आम्हाला कागद दाखवला. नदीला भरपूर पाणी आहे म्हणून त्यात लिहिलंय. कुणी मोजलं ते?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

“तू मोजलंस ना? तूच रोज फोन करून सांगायचीस ना? मग कुठे आहे ते पाणी? दाखव मला!”

“मी वाचलं तेच सांगितलं गं.”

“मग माझी विहीर खोटं बोलते का?” असं म्हणून तिने ते रोप माझ्या पायाशी आपटलं आणि ती चढण चढून निघून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मित्रांनो, काकू त्या वाळूत तशाच बसल्या. पदराने त्यांनी डोळे पुसले नाहीत. रोप उचललं आणि मांडीवर घेतलं. माझ्याइतका राग कुठल्या पत्र्याला कधी आला नसेल. आईला मुलीसमोर खोटी ठरवली, आणि ती माझ्यामार्फत!

मग काकूंनी फोन काढला.

“मॅडम, मी बोलतेय, पुलावरची काकू. मला एक सांगा. एवढी वर्षं मी आकडा चुकीचा वाचत होते का हो?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण रजा टाकून, बसने, दुर्बिणीची पेटी मांडीवर घेऊन इंजिनिअरबाई आल्या. केसांत थोडी चंदेरी छटा आली होती. टोपी मात्र तीच. पुलाच्या भिंतीवरची खूण त्यांनी ओल्या फडक्याने पुसली, तिपायी उभी केली. काकूंनी मापाची काठी धरली, आधी खुणेवर, मग माझ्या डोक्यावर. बाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्या माझ्याजवळ आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी वाळू उकरायला लागल्या. माझ्या गाडलेल्या रेघा एक एक करून उघड्या पडल्या.

“काकू, तुम्ही बरोबर वाचलंत,” त्या म्हणाल्या. “पट्टीच खाली उतरवलीय. वीतभर.”

काकूंचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या पेटल्या.

“म्हणजे माझ्या डोळ्यांनी चोरी केली त्यांनी? माझ्या तोंडून खोटं वदवलं? मी त्यांना साखर घालून सरबत दिलं होतं त्या दिवशी! उभं राहून प्याले!” मग एकदम बाईंचा हात धरून त्या म्हणाल्या, “पोरी, आता हे कुणाला सांगायचं?”

“सगळ्यांना,” बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वस्तीत सांगितलं, वर्तमानपत्रात सांगितलं, आणि कचेरीच्याही वरच्या कचेरीत सांगितलं. मोठे साहेब एकदा पुलावर येऊन समजावून गेले. “अगं, माझं वय बघ. निवृत्तीला आलोय. तुला मी शिकवलं. हे तू माझ्याशी करतेस?”

बाईंनी भिंतीवरच्या खुणेकडे बोट केलं. “सर, तुम्ही शिकवलंत म्हणून तर मला हे सापडलं.”

चौकशी बसली. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होत्या. सगळ्यांना वाटलं होतं त्या खोलीत बसून कागद वाचतील. त्या थेट नदीत उतरल्या. चपलेत वाळू जाते म्हणून चपला काढून हातात घेतल्या. कठड्यावर सगळी वस्ती जमली होती. काकूंची लेकही होती, पण आईपासून लांब.

मोठे साहेब शांतपणे म्हणाले, “पट्टी पहिल्यापासून इथेच आहे. आम्ही फक्त बोल्ट बदलले.”

न्यायाधीशबाईंनी गवंड्याला बोलावलं. “या खांबावरचा वरचा थर जरा उडव.”

छिन्नी वाजायला लागली. सिमेंटचा एक पोपडा पडला, मग दुसरा. आत एक गोल भोक दिसलं. त्याच्या शेजारी आणखी एक. न्यायाधीशबाईंनी त्या भोकात बोट घातलं.

“हे काय आहे?”

“जुनी भोकं असतील कसली तरी,” साहेब म्हणाले.

“कसली?”

न्यायाधीशबाईंनी आपला पंजा पसरून त्या भोकापासून माझ्या आताच्या बोल्टापर्यंत लावला. बरोबर बसला. वीतभर.

“एवढ्याशाने काय होतं?” समितीतल्या कुणीतरी विचारलं. खरंच विचारलं, कुत्सितपणे नाही.

“या एवढ्याशा जागेत,” इंजिनिअरबाई म्हणाल्या, “आख्खी वसाहत बसवलीय. तळ्यासकट.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकूंची लेक गर्दीतून वाट काढत खाली आली. तिने पिशवीतून बाटली काढली आणि पुढे केली. “आई, उन्हात उभी आहेस मघापासून. पाणी पी.” काकूंनी एक घोट घेतला आणि बाटली तिलाच परत दिली. “तूही पी.”

तुम्हाला वाटेल, आता माझा राग गेला असेल. नाही गेला. चौकशीच्या अहवालात काय लिहिलं माहीत आहे? ‘मोजमापातील त्रुटी.’ त्रुटी! त्रुटी नकळत होते. माझे बोल्ट नकळत सुटले नव्हते, मी नकळत खाली सरकले नव्हते. मोठे साहेब प्रकृतीचं कारण देऊन घरी बसले. कारंजं बंद झालं, पण करपलेली रोपं काही हिरवी झाली नाहीत. विहिरीत टाकायला पाणी कुणी आणून दिलं नाही. वाळूखालची नदी भरायला कितीतरी पावसाळे जातात, रिकामी करायला एक पाइप पुरतो.

पण इंजिनिअरबाईंना परत बोलावलं, हेही खरं. नव्याने हिशोब करायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी मला जुन्या भोकांवर परत बसवलं. माझे पाय वाळूतून बाहेर आले तेव्हा मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात नदी आली. फार नाही आली. माझ्या अगदी खालच्या रेघांशी लुडबुडत राहिली. काकूंनी वाकून आकडा वाचला. लहानसा आकडा होता, पण त्यांनी तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

मग त्या आकड्यावर वाटणी ठरवायला पुलावर बैठक झाली. एका बाजूला वस्तीतली माणसं, दुसऱ्या बाजूला वसाहतीतली. मला वाटलं होतं वसाहतीतली माणसं कारंज्यासारखी तोऱ्यात असतील. तशी नव्हती. एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची पत्नी होती. हातपाय थकल्यावर निवांत राहू म्हणून ते तिथे आले होते, आणि आता बादली घेऊन रांगेत उभे राहत होते.

इंजिनिअरबाईंनी सांगितलं, “पिण्याला आणि स्वयंपाकाला दोन्हीकडे मिळेल. हिरवळीला नाही. तळ्याला नाही. बंधाऱ्याची दारं आधी उघडी राहतील, वाळू भिजेपर्यंत. मग उरेल ते अडवायचं.”

“एवढंच?” पोस्टमास्तरांच्या पत्नीने विचारलं.

“एवढंच. नदीच एवढी आहे.”

“पण आम्हाला तर सांगितलं होतं, भरपूर पाणी आहे,” त्या म्हणाल्या.

काकूंची लेक समोरच बसली होती. भांडायच्या तयारीनेच आली होती ती. क्षणभर तिने त्या बाईंकडे पाहिलं.

“आम्हालाही तेच सांगितलं होतं, मावशी,” ती म्हणाली, आणि सरकून तिने त्यांना सावलीत जागा करून दिली.

मित्रांनो, मी आता गंजत चालले आहे. कधीतरी माझ्या जागी नवं, चकचकीत यंत्र येईल. येऊ दे. माझं मागणं माझ्यासाठी नाही. मला धुऊ नका, रंगवू नका, माझ्यावर थाप मारून शाबासकी तर अजिबात देऊ नका. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठे घर बांधाल, कुठे बाग लावाल. तेव्हा कुणीतरी गोड आवाजात तुम्हाला म्हणेल, “इथे पाण्याची काही कमतरता नाही.” लगेच मान डोलवू नका. त्याच्या डोळ्यांत बघा आणि विचारा, मोजलंत कुठून? नदीपर्यंत चालत जा. वाळूत हात घाला. आणि तो म्हणाला, “तर बघू,” तर माझ्या वतीने थोडं चिडा. थोडं नको, चांगलं चिडा.